मोबाइल माझा, मालकी कुणाची?

सात डिसेंबर २०२२. सकाळी साडेआठची ब्रँच मीटिंग. आम्ही नऊ फिल्ड ऑफिसर खुर्च्यांवर बसलेलो, समोर मॅनेजर साहेबांचा लॅपटॉप. वसुलीचा हिशेब सुरू व्हायच्या आधी साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "काय हो, काल दादरला काय काम काढलं होतं?"

मी रजेवर होतो. रजा मंजूर झालेली होती. अर्जात 'घरगुती काम' एवढंच लिहिलं होतं. मनमाडहून गाडी पकडून चैत्यभूमीला जाणार आहे, हे मी ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या खिशातल्या माझ्याच मोबाइलने ते सांगून टाकलं होतं.

मागच्या खुर्चीवरून एकजण हळूच म्हणाला, "काल सहा डिसेंबर ना." त्यानंतर दोन-तीन सेकंद कुणीच बोललं नाही. ती शांतता कशी असते, हे आपल्यातल्या नोकरदाराला मी समजावून सांगायची गरज नाही. माझं आडनाव असं आहे की ते मराठ्यांतही सापडतं, मातंगांतही आणि आपल्यातही. नाशिक जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी मी तीन वर्षं काढली, पण माझ्या जातीचा अंदाज कुणाला आला नव्हता. जो प्रश्न तीन वर्षं तोंडावर विचारायची हिंमत कुणाला झाली नाही, त्याचं उत्तर एका ॲपने एका दिवसात दिलं.

आता हे ॲप काय होतं ते सांगतो. मी एका फायनान्स कंपनीत होतो. बचत गटांच्या बायकांना छोटी कर्जं द्यायची आणि दर आठवड्याला केंद्रावर जाऊन हप्ते गोळा करायचे, हे काम. हजेरी, भेटी, वसुली असं सगळं कंपनीच्या ॲपवर. कंपनीने मोबाइल दिला नव्हता. मोबाइल माझा, हप्त्यावर घेतलेला. रिचार्जही माझाच. रुजू झालो त्या दिवशी एका मुलाने माझा मोबाइल हातात घेतला, ॲप टाकलं आणि भराभर परवानग्या देत गेला. लोकेशन कायम, कॅमेरा, कॉन्टॅक्ट, फाइल्स, शेवटी 'डिव्हाइस ॲडमिन'. मी विचारलं, "हे सगळं लागतं का?" तो म्हणाला, "सगळ्यांचं असंच आहे सर." मी मोबाइल खिशात घातला. माझी संमती म्हणतात ती हीच.

साहेबांचा प्रश्न वरवर गंमतीचा होता. त्याचे परिणाम मात्र गंमतीचे नव्हते. पंधरा दिवसांत माझी केंद्रं बदलली. गावात जिथे जिथे आपल्या वस्त्या होत्या आणि थकबाकी होती, ती केंद्रं माझ्याकडे आली. साहेब म्हणाले, "तुमचीच माणसं आहेत, तुमचं ऐकतील." जिची जात माझीच, जिचा नवरा ऊसतोडीला गेलेला, त्या बाईच्या दारात उभं राहून मी हप्ता मागायचा, आणि तिने 'जय भीम दादा' म्हणून पाणी दिलं की ते पिऊन पुन्हा मागायचा. जातीवरून काम ठरवायचं, हे आपल्याला नवीन नाही. नवीन एवढंच की ही माहिती मिळवायला आता गावकुसाबाहेर यावं लागत नाही. एक नकाशा पुरतो.

हे मी पहिल्यांदा आपल्या मित्रांना सांगितलं तेव्हा एकाने मला सुनावलं. म्हणाला, "तू लपवलंस का? बाबासाहेबांचा अनुयायी आहेस तर छातीठोक सांगायचं. जात लपवणाऱ्याला प्रायव्हसीचा कळवळा येतो." हा आक्षेप सोपा नाही, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

१४ एप्रिलला मी निळा फेटा बांधून मिरवणुकीत पुढे असतो. विहारात असतो, भाषणं करतो. ते माझं सांगणं असतं. कधी, कुणाला, कोणत्या बळावर सांगायचं हे मी ठरवलेलं असतं आणि माझ्या आजूबाजूला माझी माणसं असतात. सात डिसेंबरच्या त्या खोलीत मी काहीच सांगितलं नव्हतं. माझ्याबद्दल सांगितलं गेलं होतं. स्वतः उघड होणं आणि दुसऱ्याने उघडं करणं, यात जेवढा फरक आहे तेवढाच फरक स्वाभिमान आणि मानहानीत आहे. आणि ज्यांना हा फरक क्षुल्लक वाटतो त्यांनी मे २०१५ ची शिर्डी आठवावी. बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि नर्सिंग शिकणाऱ्या एका दलित तरुणाचा खून झाला, असा तो आरोप होता. खिशातला मोबाइल आपली ओळख सांगतो तेव्हा ती ऐकणारा कोण आहे, यावर कधी कधी जीव अवलंबून असतो. सवर्णाच्या मोबाइलमधून त्याची गुपितं बाहेर पडतील. आपल्या मोबाइलमधून आपली जात बाहेर पडते.

माझे आजोबा येवला तालुक्यातल्या आमच्या गावात येसकर होते. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी मला त्या मीटिंगनंतर वेगळ्या कळायला लागल्या. पाटलाच्या वाड्यावरून हाक आली की निघायचं. जेवत असलात तरी, रात्र असली तरी. कुणाच्या मयतीचा सांगावा दहा कोसांवर न्यायचा, अंमलदार आला तर त्याच्या घोड्यापुढे धावायचं. काठी स्वतःची, घोंगडं स्वतःचं, पायात वहाण असेल तर तीही स्वतःची. आजोबा आजारी पडले की हाक थांबत नसे. मग माझ्या चुलत्याला जावं लागे, तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. मोबदला काय, तर वतनाची तुकडाभर जमीन आणि दारोदार फिरून मागितलेलं बलुतं.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं, ते नेमकं याच गोष्टींवर बोट ठेवून. कामाला वेळेची मर्यादा नाही, कामाची यादी नाही, एकट्या माणसाऐवजी सगळं घरदार चाकरीला बांधलेलं, आणि मोबदला मात्र अनिश्चित. आपली कित्येक माणसं तेव्हा वतन सोडायला तयार नव्हती. वतन म्हणजे हक्क, मान, असं त्यांना वाटायचं. बाबासाहेब त्यांना सांगत होते की हा मान नाही, ही बेडी आहे. ती वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडलं.

मोबाइल म्हणजे वतन, असं मी म्हणत नाही. मी राजीनामा देऊ शकत होतो, आजोबांना ती सोय नव्हती. पण लक्षणं पाहा. साधन माझं, खर्च माझा, हाक त्यांची. रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज यायचा, 'उद्याच्या केंद्रांची यादी पाठवा', आणि दोन निळ्या टिका दिसल्या की "पाहूनही उत्तर नाही?" अशी विचारणा. सुट्टीच्या दिवशीही ठिपका चालू. कामाचे तास संपतात कधी, याचं उत्तर ना आजोबांकडे होतं ना माझ्याकडे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कारखान्यातल्या कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती १९४६ साली झाली, तिच्यामागे त्यांचं काम आहे. भोंगा वाजला की कामगार माणूस होऊन घरी जात असे. आपल्या खिशातला भोंगा वाजायचा थांबतच नाही.

आणि हे फक्त खासगी कंपनीत घडतं असं नाही. माझी आई अंगणवाडी सेविका आहे. २०१९ मध्ये सरकारने सेविकांना मोबाइल दिले. दोन जीबी रॅमचा तो मोबाइल तापायचा, अडकायचा. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी. २०२१ मध्ये 'पोषण ट्रॅकर' आलं, तेही सुरुवातीला इंग्रजीत. सातवी-दहावी शिकलेल्या बायकांनी इंग्रजीत बाळांची वजनं भरायची. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या सेविकांनी ते मोबाइल सरकारला परत करण्याचं आंदोलन केलं. आईही गेली होती, पिशवीत मोबाइल घालून. मला तेव्हा ती गंमत वाटली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी मोर्चा काय काढायचा, असं मी तिला म्हणालोसुद्धा. मग कामासाठी घरचा मोबाइल वापरा, असा आग्रह सुरू झाला. घरात एकच बरा मोबाइल होता आणि त्यावर माझी बहीण बारावीचा ऑनलाइन अभ्यास करत होती. सरकारचं काम आणि बहिणीचं शिक्षण एकाच मोबाइलवर भांडत होतं. आईचा मोर्चा मला दीड वर्षाने, त्या मीटिंगमध्ये कळला.

त्याच २०२१ मध्ये हरियाणातल्या आशा सेविकांनी सरकारी मोबाइलवर 'एमडीएम ३६० शील्ड' नावाचं ॲप टाकायला नकार दिला. आम्ही कुठे जातो, मोबाइलवर काय करतो हे वरून पाहिलं जाणार असेल तर ते आम्हाला चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. चंदीगडमध्येही तेच झालं, आणि हे घड्याळ घरी नेल्यावरही आपल्याला पाहत-ऐकत असेल का, ही भीती तिथल्या महिला कामगारांनी बोलून दाखवली. अंगणवाडी, आशा, सफाई, रोजगार हमी. या कामांच्या यादीत कोणत्या जातींची माणसं जास्त आहेत हे पाहा आणि मग विचारा, पाळत सगळ्यात आधी कुणावर बसते? महापालिकेच्या आयुक्ताच्या मनगटावर कुणी घड्याळ बांधलं आहे का?

कायदा काय म्हणतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, अनुच्छेद २१ मधल्या जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा तो भाग आहे. त्याचा पाया व्यक्तीची प्रतिष्ठा हा आहे, आणि हे शब्द आपल्या संविधानाच्या उद्देशिकेत आहेत. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्यात माणसाची माहिती घ्यायला त्याची संमती लागते, असं तत्त्व आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ७ मध्ये अपवादांची यादी आहे आणि त्यात 'नोकरीच्या कारणासाठी' हाही एक अपवाद आहे. मालकाचं नुकसान टळावं म्हणून कामगाराची माहिती त्याच्या संमतीशिवायही वापरता येईल, अशी ती वाट आहे.

यातली एक विसंगती मला रोज टोचायची. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने डिजिटल कर्जासाठी नियम काढले. कर्ज देणाऱ्या ॲपने कर्जदाराच्या मोबाइलमधले कॉन्टॅक्ट, कॉल, फाइल्स यांना हात लावू नये, असं त्यात आहे. चांगला नियम आहे. म्हणजे मोबाइलवरून कर्ज घेणारा कर्जदार निदान कागदावर सुरक्षित झाला. कर्ज वसूल करायला जाणारा मी मात्र कॉन्टॅक्टसकट उघडा.

कुणी म्हणेल, तू संमती दिली होतीस, नसती द्यायची. त्यांनी बाबासाहेबांचं १९४७ चं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' वाचावं. घटना समितीसाठी तयार केलेल्या त्या निवेदनात बाबासाहेब बेकार माणसाची स्थिती मांडतात. कामाचे तास ठरलेले नाहीत, संघटनेत जायचं नाही, बोलायचं स्वातंत्र्य नाही, अशा अटींवर जरी नोकरी देऊ केली तरी उपाशी माणूस ती घेईल, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्याय उपासमारीचा आहे. मग अशा माणसाला मूलभूत हक्कांचा उपयोग काय, असा त्यांचा सवाल आहे. माझ्या मोबाइलवर 'परवानगी द्या' असं बटण होतं, शेजारी 'नको' हेही होतं. पण 'नको' दाबलं की हजेरी लागत नव्हती आणि हजेरी नाही तर पगार नाही. याला संमती म्हणायचं असेल तर वतनदारी हीसुद्धा संमतीच होती.

आता माझं स्वतःचं सांगतो, कारण ते न सांगता हा लेख लिहिणं अप्रामाणिक होईल. त्या घटनेच्या आधी आठ महिने मी सीनियर झालो होतो आणि चार पोरांचे ठिपके माझ्याही मोबाइलवर दिसत होते. एकदा एका पोराला मी फोन करून विचारलं, "चाळीस मिनिटं सरकारी दवाखान्यापाशी काय करतोयस?" तो म्हणाला, "बायकोला रक्तस्राव होतोय सर." त्याला हे मला सांगायचं नव्हतं. मी सांगायला लावलं. तेव्हा मला ते माझं कामच वाटलं होतं. दुसऱ्याचा ठिपका हातात आला की माणूस किती लवकर पाटील होतो, हे मी माझ्यावरून सांगतो.

म्हणून आपल्या चळवळीकडेही पाहू या. आपण जयंतीचा ग्रुप काढतो आणि वस्तीतल्या पन्नास मुलींचे नंबर त्यांना न विचारता टाकून देतो. मग त्यांना अनोळखी नंबरांवरून रात्री मेसेज येतात आणि आई-बाप त्यांचा मोबाइल काढून घेतात. शिबिराला आलेल्यांची नाव, गाव, नंबर, नोकरी अशी यादी कुणीतरी पीडीएफ करून फिरवतो. त्यात एखादा माझ्यासारखा असतो, ज्याच्या ऑफिसात अजून माहीत नसतं. आपण आपल्या माणसाला विचारत नसू तर कंपनीला कोणत्या तोंडाने विचारणार?

करायचं काय, तर मी जे केलं आणि जे आधीच करायला हवं होतं, ते सांगतो.

पहिलं, कामाचं ॲप टाकायला सांगितलं तर लेखी आदेश मागा. कोणती माहिती घेणार, किती वाजेपर्यंत घेणार, कोण पाहणार आणि नोकरी सोडल्यावर तिचं काय करणार, हे त्यात असू द्या. तोंडी सांगितलं असेल तर तेच ई-मेलवर लिहून पाठवा आणि 'मी असं समजलो आहे' म्हणून नोंद करून ठेवा.

दुसरं, लोकेशनची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' एवढीच ठेवा. ॲप चालत नाही म्हणाले तर तेही लेखी मागा. 'डिव्हाइस ॲडमिन'चा अधिकार देऊ नका. तो अधिकार हाती असेल तर दुरूनच तुमचा मोबाइल कुलूपबंद करता येतो, अख्खा पुसूनही टाकता येतो. जमत असेल तर मोबाइलमध्ये 'वर्क प्रोफाइल' वेगळं करा, म्हणजे कामाचं एका बाजूला आणि घरचं दुसऱ्या बाजूला राहतं. जुना मोबाइल घरात पडला असेल तर तो कामाला लावा आणि रजेच्या दिवशी बंद करून ठेवा.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे एकट्याने करू नका. एकटा बोलला तर तो 'संशयास्पद' ठरतो, आणि त्यात तो आपल्यातला असेल तर विचारूच नका. फेब्रुवारीत आम्ही पाच जणांनी सही करून अर्ज दिला. त्यात दोन मराठा होते, एक मुस्लिम, एक वंजारी आणि मी. सुट्टीच्या दिवशी बायकोबरोबर कुठे गेलो हे साहेबाला दिसावं, असं त्यांनाही वाटत नव्हतं. जातीने जे दुखणं मला जास्त झालं, ते थोडंफार सगळ्यांनाच होतं. अर्जात तीनच मागण्या होत्या : मोबाइल किंवा त्याचा भत्ता द्या, सहानंतर आणि सुट्टीला लोकेशन बंद, आणि कोण काय पाहतो ते लेखी कळवा. महिनाभराने दुसरी मागणी मान्य झाली. पहिलीवर 'विचार सुरू आहे' असं उत्तर आलं, तिसरीवर उत्तरच आलं नाही. माझी बदली मात्र ताबडतोब झाली, ऐंशी किलोमीटरवर. पुढे मी ती नोकरी सोडली.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. आपल्याकडे २०१८ साली खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. आपल्या संघटनांनी आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी या प्रश्नांइतक्याच जोराने ही मागणी उचलली पाहिजे. आपली शिकलेली पोरं आज कंपन्यांत, कॉल सेंटरात, डिलिव्हरीच्या गाडीवर, कंत्राटी ऑफिसांत आहेत. त्यांचा गावगाडा आता मोबाइलमध्ये आहे.

गेल्या सहा डिसेंबरला आईला घेऊन दादरला गेलो. रांगेत उभं असताना तिच्या मोबाइलवर सुपरवायझर बाईंचा फोन आला, कसली तरी माहिती आजच भरायची होती. आईने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "मॅडम, मी रजेवर आहे. मी चैत्यभूमीवर आहे. उद्या भरते." मग तिने मोबाइल बंद करून पिशवीत टाकला. तिने स्वतः सांगितलं, स्वतःच्या तोंडाने, तिला वाटलं तेव्हा. तेवढाच हक्क मी मागतो आहे.

जय भीम!